प्रवण

इंद्रायणीनं पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा पेला ठेवला. पेला बुडाशी ओला होता. कागदावरचा गोल डाग पसरत पसरत शेवटच्या ओळीपाशी आला, तसा वेणीमाधवांनी पेला उचलून बाजूला केला आणि चष्मा पुसायला घेतला.

"त्यांनी नाही म्हटलं, सर," इंद्रायणी म्हणाली. "कॅनडाच्या जोडप्यानं."

"कुणाला?"

"आपण श्रावणात जिचा रिपोर्ट केला होता ना, तिला. चावते म्हणून लिहिलं होतं, ती मुलगी."

सोलापुरात होटगी रस्त्याला अनाथ मुलांची एक छोटी संस्था होती. इंद्रायणी तिथं समाजसेविका होती. परदेशी दत्तक जाऊ शकणाऱ्या मुलांचे अहवाल इंग्रजीतून पाठवावे लागत. ती वैरागची, मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी वाचायला तिला अडचण नव्हती, पण लिहायला बसलं की हात अडायचा. म्हणून चार वर्षांपासून ती मराठीत लिहून शुक्रवार पेठेत वेणीमाधव सरांच्या घरी यायची आणि सर त्याचं इंग्रजी करून द्यायचे. नियम म्हणून ती मुलाचं नाव कागदाच्या पट्टीनं झाकून आणायची. अशी अकरा मुलं वेणीमाधवांच्या टेबलावरून गेली होती. त्यांतलं एकही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी कागद वाचला. दत्तकाचं जुळवणाऱ्या मधल्या संस्थेचं पत्र होतं, सभ्य आणि आखूड. हिंसेकडे 'प्रोन' असलेल्या मुलीला वाढवण्याची आपली तयारी नाही, असं त्या कुटुंबाला वाटत होतं. मुलीला त्यांच्या शुभेच्छा होत्या.

'प्रोन' हा शब्द त्यांनी ओळखला. तो त्यांचाच होता. इंद्रायणीच्या कागदावर एवढंच होतं: 'चिडली की चावते. हट्टी आहे.' त्याचं त्यांनी केलं होतं, 'द चाइल्ड इज प्रोन टू बायटिंग अँड टू व्हायलंट आउटबर्स्ट्स.' वाक्य जमल्यावर त्या दिवशी ते मोठ्यानं वाचलंही होतं.

चौतीस वर्षं हायस्कूलात इंग्रजी शिकवताना हा त्यांचा आवडता तास असे. एखाद्या गोष्टीकडे कल असणं सांगायला इंग्रजीत किती शब्द, आणि प्रत्येकाची वाट वेगळी. 'टेंड' कशालाही चालतो. 'लायबल' म्हटलं की नुकसानीची धास्ती आली. 'गिव्हन टू' म्हणजे सवयीच्या आहारी गेलेला. आणि 'प्रोन'च्या पुढे चांगलं काही येतच नाही. 'प्रोन टू सक्सेस' असं कुठला इंग्रज म्हणत नाही. मुलांना पटावं म्हणून ते म्हणत, आपल्या जिल्ह्याचंच बघा. सरकारी कागदात आपण अवर्षणप्रवण. पाऊसप्रवण असं कधी कुणी कुठं लिहिलंय? मुलं हसत, आणि शब्द त्यांच्या जन्माचा पाठ होई.

"शब्द बरोबर आहे," वेणीमाधव म्हणाले.

"हो सर."

"चावण्याला 'प्रोन'च लागतो."

"मी कुठं नाही म्हणते." इंद्रायणीनं पत्राची घडी घातली. "आता न्यूझीलंडहून एकांनी फाइल मागितली आहे. वीस दिवसांत नवा रिपोर्ट द्यायचाय. तिला सहा पूर्ण झाली, सर. जसजशी मोठी होईल तसतसं कुणी विचारत नाही की. थोडं सौम्य लिहाल का?"

"म्हणजे खोटं?"

"खोटं नको. सौम्य."

"आणि तिथं जाऊन चावली म्हणजे? परत पाठवतील तिला."

इंद्रायणीनं पत्र पिशवीत ठेवलं. "तसं एका मुलाचं झालंय आमच्याकडं. मी लागायच्या आधी. परत आल्यावर तो दोन महिने बोलला नव्हता म्हणतात."

वेणीमाधवांचा उजवा पाय टेबलाखाली हलायला लागला होता. विचारात पडले की तो हलायचा. मालतीबाई आतून चहा घेऊन आल्या, त्यांनी कप ठेवता ठेवता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि पाय थांबला.

"आत्तापर्यंत किती वेळा चावली?" त्यांनी विचारलं.

"किती वेळा म्हणजे..." इंद्रायणी म्हणाली, "वहीत बघावं लागेल, सर."

ती गेल्यावर वेणीमाधव खुर्चीवर टिकेनात. त्यांनी कपाटातून शब्दकोश काढला. 'प्रोन'खाली पहिला अर्थ पालथा पडलेला असा होता, तो त्यांनी वर्गात कधी सांगितला नव्हता. पुढचं सगळं त्यांनी शिकवलं होतं तसंच होतं. ते गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गॅलरीत गेले.

"काय झालंय?" मालतीबाईंनी विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"किती वेळा चावली ते तिलाही माहीत नाही. मलाही नाही."

"मग?"

"आणि मी 'प्रोन' लिहिलं. एकदा चावली असती तरी मी तेच लिहिलं असतं."

मालतीबाईंनी सुपातली टरफलं फुंकली. "जाऊन बघून या की एकदा," त्या म्हणाल्या. "घरात येरझारा घालून काय कळणार आहे?"

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ते रिक्षानं संस्थेत गेले. बैठी इमारत, पुढं पत्र्याची पडवी, अंगणात पाण्याचा हौद आणि एक करंजाचं झाड. इंद्रायणी कचेरीत कुणाशी तरी फोनवर बोलत होती. तिनं हातानंच बसा म्हणून सांगितलं. पडवीत दहा-बारा मुलं दोन ओळींत बसून वह्यांत काही लिहीत होती. शिकवणारं कुणी दिसत नव्हतं. एक साठीची बाई दाराशी बसून मुलांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

मुलं वह्या पुढ्यात घेऊन बसली आहेत आणि शिक्षक नाही, असं दृश्य वेणीमाधवांना कसं बघवणार? ते उठले आणि ओळींच्या मागून चालू लागले, हात मागं बांधून, वाकून एकेकाची वही बघत. एका मुलानं सातचा आकडा उलटा काढला होता, तो त्यांनी बोटानं दाखवला. पुढं निळ्या फ्रॉकमधली एक मुलगी वहीवर पार ओणवी झाली होती. डोळ्यांपासून वही चार बोटांवर. त्यांनी आयुष्यभर केलं तसं केलं: मागून मानेवर हात ठेवला आणि तिला सरळ करायला गेले.

पुढचं फार लवकर झालं. मुलीनं हिसका दिला, तसा त्यांनी हात सैल करायच्या ऐवजी घट्ट केला. का, ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. ती वळली आणि त्यांच्या अंगठ्याखालच्या मांसात तिचे दात रुतले. ओरडली नाही, रडली नाही. डोळे मिटलेले होते. मग तिनं सोडलं आणि पडवी उतरून हौदामागं पळाली. मुलं जागची हलली नाहीत. एका मुलानं शेजारच्याला हळूच सांगितलं, "पिंकी परत चावली."

दारातली बाई धावत आली. तिचं नाव दगडाबाई. तिनं त्यांना नळापाशी नेऊन साबणानं हात धुतला आणि स्वच्छ फडकं बांधलं. ते बांधताना तिची बाही वर सरकली. मनगटाच्या वर अर्धचंद्रासारखा एक जुना, पांढरा वण होता.

"तुम्हालाही?" वेणीमाधवांनी विचारलं.

"व्हय की. दोन वर्सं झाली."

"चिडली होती?"

"कशाची चिडती? भ्याली हुती." दगडाबाईनं गाठ मारली. "मी न्हाऊ घालत हुते. डोळ्यात साबन गेला म्हनून पळाय लागली, तर मी मागनं धरली. मागनं धरलं की चावती बगा ती. म्होरनं कवा बी न्हाय. म्होरनं तुमी तिला उचला, खांद्यावर घ्या, कायबी म्हनत न्हाय."

"हे इंद्रायणीबाईंना माहीत आहे?"

"त्येस्नी कुटं येळ असतो हो. कुनी इचारलं असतं तर सांगितलं असतं की." तिनं हौदाकडे पाहिलं. "मी रगत पुसत बसले तर त्या दिशी तिनंच हळद आनून दिली मला सयपाकघरातनं. कुनी सांगितलं न्हवतं."

इंद्रायणी कचेरीतून धावत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती सारखी माफी मागत होती. वेणीमाधव म्हणाले, "मला वही दाखवा."

वहीत तीन नोंदी सापडल्या. दोन वर्षांत तीन. प्रत्येक नोंद एका ओळीची: लसीकरणाच्या दिवशी नर्सला चावली. अंघोळीच्या वेळी दगडाबाईंना चावली. वाढदिवस साजरा करायला आलेल्या पाहुण्या बाईंना चावली. त्यांनी दगडाबाईला बोलावून एकेक विचारलं. नर्सनं सुई दिसू नये म्हणून पोरीला मागून कवेत घट्ट धरलं होतं. पाहुण्या बाईंनी फोटोसाठी मागून उचलून मांडीवर घेतलं होतं. दगडाबाईला सगळं आठवत होतं, कुणी कोणत्या रंगाचं पातळ नेसलं होतं इथपर्यंत. मंगळवेढ्याच्या एसटी स्टँडवर ही पोर पोलिसांना सापडली तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. त्याच्या आधीचं मात्र कुणालाच काही ठाऊक नव्हतं, दगडाबाईलाही नाही.

इंद्रायणी वहीकडे बघत उभी होती. "'चिडली की' असं मी लिहिलं," ती म्हणाली. "मीच."

"आणि मी त्याचं इंग्रजी केलं," वेणीमाधव म्हणाले.

"आजची नोंद नको करायला, सर. तुम्ही काही संस्थेचे नाही. तुम्हाला चालत असेल तर... कुणाला कळायचं नाही. तीनचे चार झाले तर ते लोकही नाही म्हणतील."

वेणीमाधवांनी वही मिटून तिच्या हातात दिली. परत जाताना ते हौदाच्या बाजूनं गेले. पिंकी हौद आणि भिंतीच्या मधल्या जागेत पाठ भिंतीला लावून बसली होती. त्यांना बघून तिनं गुडघे जवळ ओढले. ते थांबले, समोर, पाच-सहा पावलांवर.

"दुकतंय?" तिनं विचारलं.

"थोडं."

"मारनार?"

"नाही. बसू का इथं?"

तिनं विचार केला आणि मधल्या एका फरशीकडं बोट केलं. "तितं. तितंच बसा."

ते तिथं बसले. गुडघे कुरकुरले. तिनं एकदा विचारलं, तुमच्या घरी मांजर आहे का. नाही म्हटल्यावर तिला त्यांच्यात फारसा रस राहिला नाही.

घरी आल्यावर मालतीबाईंनी हात पाहिला, डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शन देववलं, आणि जेवताना भाकरी चुरून दिली, कारण उजव्या हाताला ते जमत नव्हतं. त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं. मालतीबाई ऐकत होत्या.

"मानेला धरलंत?" त्यांनी विचारलं.

"धरलं म्हणजे... सरळ करायला गेलो. ओणवी बसली होती."

"आपला हृषीकेशही लहानपणी मान आखडून घ्यायचा."

"कधी?"

"तुम्ही मागून आलात की. अभ्यासाला बसलेला असला आणि तुमच्या चपला वाजल्या की खांदे असे कानापर्यंत." मालतीबाईंनी करून दाखवलं, आणि पुन्हा भाकरीकडं वळल्या. "तो चावला नाही इतकंच."

त्या रागानं बोलल्या नव्हत्या. बोलून त्यांनी ताक वाढलं. वेणीमाधवांनी ताकाची वाटी जवळ ओढली. वर्गातली किती मुलं, याचा त्यांनी हिशोब करून पाहिला आणि सोडून दिला. त्यांनी कधी कुणाला छडी मारली नव्हती, याचा त्यांना अभिमान होता. मागून येऊन मानेवर हात ठेवायचा, एवढंच. कधी जोरात, कधी हलका. मुलं लगेच सरळ बसत. ती सरळ बसतात म्हणजे आपलं बरोबर, असं चौतीस वर्षं चाललं.

रविवारी पुण्याहून हृषीकेशचा नेहमीप्रमाणे फोन आला. उन्हाळा, पाणी, नातीची परीक्षा असं सगळं बोलून झालं. वेणीमाधव फोन घेऊन गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "तू लहान असताना मी मागून यायचो, अभ्यास बघायला. तेव्हा तुला भीती वाटायची का रे?"

"नाही हो बाबा," हृषीकेश म्हणाला. "असं काय विचारताय एकदम? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"लहानपणचं काय एवढं." मग तो म्हणाला, "आमच्या ऑफिसात मी भिंतीला पाठ येईल अशीच जागा घेतो, एवढं मात्र आहे. सगळे हसतात मला." आणि तो स्वतःच हसला.

अहवाल द्यायला अकरा दिवस उरले होते. वेणीमाधवांनी सात मसुदे केले. पहिल्यात त्यांनी 'प्रोन' काढून 'टेंड्स' घातलं. ते वाचून त्यांना वाटलं, ही पळवाट झाली. दुसऱ्यात 'ऑकेजनली' आलं, तेही खोडलं. शब्द बदलून काही होत नव्हतं. कोणताही घातला तरी ती खोड त्या पोरीच्या अंगात जाऊन बसत होती, जशी झाडाला गाठ असावी. दुपारी झोप लागेना. ते उठून लिहीत, फाडत, मालतीबाईंना वाचून दाखवत. मालतीबाईंना इंग्रजी जेमतेम येई, तरी त्या ऐकून घेत. मधे दोनदा ते संस्थेत जाऊन आले, दोन्ही वेळा हौदाजवळच्या फरशीवर बसले. दुसऱ्या वेळी पिंकीनं फरशी बदलून एक पाऊल जवळची दिली.

शेवटी त्यांनी कल सांगणारा एकही शब्द न वापरता लिहायला घेतलं. काय झालं ते, जसं झालं तसं. ही मुलगी दोन वर्षांत चार वेळा चावली आहे. चारही वेळा तिला कुणीतरी मागून, न सांगता, धरून ठेवलं होतं. कोणी, कुठं, कशासाठी, हे एकेका वाक्यात. समोरून येणाऱ्या कुणालाही ती आजवर चावलेली नाही. एकदा चावल्यानंतर तिनं स्वतः होऊन जखमेला हळद आणून दिली. वहीवर ती फार वाकते, तिचे डोळे तपासून घ्यायला हवेत. तिला मांजरं आवडतात.

चौथ्या नोंदीपाशी ते अडले. 'एक वयस्कर पाहुणे' असं लिहून त्यांनी पेन ठेवलं, उठून पाणी प्यायले आणि परत येऊन वाक्य पूर्ण केलं.

इंद्रायणीनं ते उभ्याउभ्याच वाचलं. वाचताना ती एका जागी थांबली, परत मागं गेली, पुन्हा वाचलं.

"सर, हे कसं ठेवायचं?"

"काय चुकलंय?"

तिनं हळू आवाजात इंग्रजी वाचलं. पाहुणे निवृत्त शिक्षक असून मुलांना मागून मानेला धरण्याकडे ते 'प्रोन' आहेत, असा त्याचा अर्थ होता.

"वाक्य बरोबर आहे," वेणीमाधव म्हणाले. "शब्दही बरोबर आहे."

"वरचे लोक हसतील."

"हसू देत."

तिनं तो तसाच पाठवला.

मग वाट बघणं आलं. उत्तर द्यायला त्या लोकांना महिना होता. वेणीमाधवांनी आयुष्यात परीक्षांचे शेकडो निकाल लावले होते, पण निकालाची वाट बघणं काय असतं, हे त्यांना या वयात कळलं. सकाळी उठल्यापासून डोक्यात चार हा आकडा फिरायचा. तीनच लिहिले असते तर? आपण खरेपणाच्या हौसेपायी त्या पोरीचं नुकसान तर केलं नाही? बाजारात मेथीची जुडी हातात धरून ते उभे राहायचे आणि भाजीवाली विचारायची, घेताय का बघताय. मालतीबाई आता गुडघ्यावर हात ठेवून पाय थांबवायच्या नाहीत. हलू द्यायच्या.

तेविसाव्या दिवशी इंद्रायणीचा फोन आला. न्यूझीलंडच्या जोडप्याचं पत्र आलं होतं. त्यात तीन प्रश्न होते: तिला जेवायला काय आवडतं, तिचे डोळे तपासले का, आणि त्या पाहुण्यांचा हात आता बरा आहे का.

"एवढंच?" वेणीमाधवांनी विचारलं.

"खाली होकार आहे, सर."

कोर्टाचं, पासपोर्टचं, बाकीचं होता होता दिवाळी उलटून गेली. पिंकीला चष्मा लागला. फोनच्या पडद्यावर तिनं त्या दोघांना चार-पाच वेळा पाहिलं, त्यांच्या मांजरालाही पाहिलं. ते तिला न्यायला सोलापुरात आले त्या सकाळी वेणीमाधव दुभाषा म्हणून गेले होते.

माणूस चांगलाच उंच होता, चाळिशीचा, ऊन लागून लाल झालेला. बायको बुटकी, हातात कापडी पिशवी. पिंकी पडवीत खांबाला धरून उभी होती. पडद्यावर बडबडणारी पोर आता ओठ घट्ट मिटून होती. इंद्रायणी तिला पुढं आणायला निघाली, तेवढ्यात तो माणूस अंगणातच थांबला आणि करंजाखाली मातीत खाली बसला. मांडी घालायची त्याला सवय नव्हती. एक पाय कसाबसा दुमडला, दुसरा लांब सोडला. त्याची बायको थोडी बाजूला हौदाच्या कट्ट्यावर टेकली.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. वेणीमाधव पडवीच्या पायरीवर उभे होते आणि त्यांच्या अंगात चुळबुळ माजली होती. पिंकी त्यांच्यापासून दोन हातांवर, पाठमोरी. तिची दोन वेण्यांमधली मान दिसत होती. एवढीशी पुढं सरकवली की झालं. त्यांनी दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले.

"जा की गं," दगडाबाई म्हणाली. "आल्यात की तुज्यासाटी."

पिंकी हलली, पण समोर गेली नाही. पडवीच्या दुसऱ्या टोकानं उतरली, भिंतीकडेनं गेली, हौदाला वळसा घातला आणि झाडाच्या मागून येऊन त्या माणसाच्या पाठीमागं उभी राहिली. हात लांब केला असता तर लागला असता. बायकोनं ते पाहिलं आणि हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

माणसानं मान न वळवता, अगदी हळू, इंग्रजीत विचारलं, ती माझ्या मागं आहे ना?

"येस," वेणीमाधव म्हणाले.

त्यानं मान हलवली. त्याच्या मानेवर घाम आला होता, आणि करंजाचं एक वाळकं पान खांद्यावर पडलं होतं. ते त्यानं झटकलं नाही. पिंकी चष्म्यातून त्याच्या मानेकडं, केसांकडं, कानामागच्या लाल रेषेकडं बघत राहिली. दगडाबाई अधीर होऊन पायरी उतरली, तसे वेणीमाधव पुढून तिच्यासमोर गेले आणि त्यांनी तिला तिथंच थांबवलं.

पिंकीनं अजून एक पाऊल टाकलं. तो माणूस समोर बघत बसून राहिला.